विषवायूचे औषधी रूप : कार्बन मोनॉक्साइड आणि शस्त्रक्रियोत्तर आंत्रघात (खानदेशातील रुग्णांच्या संदर्भात एक विवेचन)

प्रस्तावना

कार्बन मोनॉक्साइड हा वायू विषारी आहे, ही बाब सर्वश्रुत आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. त्यामुळे तो श्वासावाटे आत जात असल्याची जाणीव माणसाला होत नाही, आणि जाणीव होते तेव्हा उठून दार उघडण्याइतकी शक्ती अंगात उरलेली नसते. धुळे परिसरातील हिवाळ्याचे किमान तापमान राज्यातील नीचांकी तापमानांत गणले जाते. अशा रात्री दारेखिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपणे किती घातक असते, हे खानदेशात वेगळे सांगावयास नको.

हाच वायू अत्यल्प आणि मोजलेल्या मात्रेत औषध म्हणून वापरता येईल काय, हा प्रश्न गेली सुमारे २५ वर्षे वैद्यकीय संशोधनात गांभीर्याने विचारला जात आहे. फुप्फुसांचे विकार, अवयवरोपण, दात्रपेशी रक्तक्षय म्हणजेच सिकलसेल, अशा अनेक दिशांनी हे संशोधन चालले असले तरी उदरशस्त्रक्रियेनंतर निष्क्रिय होणारे आतडे हे त्यातील एक विशेष उद्बोधक क्षेत्र होय. प्रस्तुत लेखात या संशोधनाचा शास्त्रीय आधार, प्राण्यांवरील आणि माणसांवरील पुराव्यातील तफावत आणि जळगाव-धुळे भागातील रुग्णाच्या बाबतीत उपस्थित होणारा मात्रेचा प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

विष म्हणून झालेली ओळख

फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी १८५७ च्या सुमारास असे दाखवून दिले की, हा वायू रक्तातील तांबड्या पेशींवर क्रिया करून त्यांची प्राणवायू वाहण्याची क्षमता हिरावून घेतो. पुढे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हॉल्डेन यांनी १८९५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून त्याच्या परिणामांची पद्धतशीर नोंद केली. कोळशाच्या खाणीत लहान प्राणी सोबत नेण्याची सूचना हॉल्डेन यांचीच. माणसाला बाधा होण्यापूर्वी लहान जिवाला ती होते आणि खाणकामगारांना सावध होण्यास अवधी मिळतो, हे त्यामागील तत्त्व होते.

हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा या वायूचे आकर्षण दोनशे पटींहून अधिक असते. दोघांच्या संयोगातून कार्बोक्सिहिमोग्लोबिन तयार होते. हानी मात्र एवढ्यावरच थांबत नाही. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत प्राणवायू धरण्याच्या चार जागा असतात. त्यांपैकी एखाद-दुसरी जागा कार्बन मोनॉक्साइडने व्यापली की उरलेल्या जागांवरील प्राणवायूही ऊतींना सहजासहजी दिला जात नाही. म्हणूनच निम्मे रक्त गमावलेल्या रुग्णापेक्षा निम्मे हिमोग्लोबिन या वायूने बांधले गेलेल्या रुग्णाची अवस्था अधिक बिकट असते. मोकळ्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा बाहेर पडण्यास चार ते पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास हा काळ तास-दीड तासावर येतो. उपचाराच्या संदर्भात हे आकडे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण औषध म्हणून दिलेला वायूदेखील याच वेगाने शरीराबाहेर जाणार असतो.

शरीरात तयार होणारा वायू

ज्या पदार्थाला विष म्हणून ओळखले, तो मानवी शरीर स्वतःच अहोरात्र तयार करीत असते, हे विसाव्या शतकाच्या मध्यास स्पष्ट झाले. स्वीडनमधील टॉर्गनी श्योस्ट्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस तसा पुरावा मांडला. हा वायू नेमका कोणत्या विकरामुळे म्हणजे एन्झाइममुळे तयार होतो, याचा उलगडा १९६८ मध्ये टेनहुनेन, मार्व्हर आणि श्मिड यांनी केला. त्या विकराचे नाव हीम ऑक्सिजनेज. आयुष्य संपलेल्या तांबड्या पेशींतील हीम हा घटक फोडण्याचे काम ते करते आणि त्यातून लोह, हिरवट बिलिव्हर्डिन व कार्बन मोनॉक्साइड असे तीन पदार्थ बाहेर पडतात. बिलिव्हर्डिनचे पुढे पिवळ्या बिलिरुबिनमध्ये रूपांतर होते. मुका मार लागल्यावर त्वचेवरील काळानिळा डाग काही दिवसांनी हिरवट आणि मग पिवळसर होत जातो, तो याच प्रक्रियेमुळे. वर्गात हा विषय शिकविताना याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण. डागाचे रंग डोळ्यांना दिसतात, त्याच वेळी सुटणारा वायू तेवढा दिसत नाही. निरोगी प्रौढ व्यक्तीच्या शरीरात दर तासाला सुमारे ०.४ मिलिलिटर एवढा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि त्याचा बहुतांश भाग हिमोग्लोबिनच्या विघटनातून येतो.

या विकराची दोन रूपे आहेत. दुसरे रूप मेंदू, मज्जातंतू इत्यादी ठिकाणी नित्य कार्यरत असते, तर पहिले रूप एरवी अल्प प्रमाणात असते आणि ऊतीवर आघात, दाह किंवा प्राणवायूची कमतरता असे संकट आले की वेगाने वाढते. संकटकाळी शरीर जे विकर वाढविते, त्याचे उत्पादित शुद्ध विष कसे असेल, ही शंका संशोधकांना येणे स्वाभाविक होते.

दरम्यान नायट्रिक ऑक्साइड या दुसऱ्या एका वायूने विचारांची दिशाच बदलून टाकली होती. मोटारींच्या धुरातील घातक घटक म्हणून ठाऊक असलेला हा वायू रक्तवाहिन्या सैल करणारा नैसर्गिक संदेशवाहक ठरला. त्यासाठी फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि १९९९ मध्ये अमेरिकेत नवजात अर्भकांच्या श्वसनविकारासाठी श्वासावाटे देण्याचे औषध म्हणून त्यास मान्यताही मिळाली. कार्बन मोनॉक्साइडच्या बाबतीत १९९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सॉलोमन स्नायडर यांच्या गटाने तो मज्जासंस्थेतील संदेशवाहक असावा, असे प्रतिपादन केले. त्यानंतर २००० मध्ये लिओ ऑटरबाइन, ऑगस्टिन चॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, अल्प मात्रेतील कार्बन मोनॉक्साइडमुळे महाभक्षी पेशींतून दाह वाढविणारी द्रव्ये कमी स्रवतात आणि दाह आवरणारे इंटरल्युकिन-१० अधिक स्रवते. औषधी संशोधनाचा खरा प्रारंभ येथून झाला, असे मानावे लागेल.

बिब्बा, बचनाग यांसारखी विषे शोधन करून औषधात वापरण्याची परंपरा आपल्याकडे आहेच. तेव्हा विषाचे औषध होणे ही कल्पना मराठी वाचकाला परकी नाही. तथापि आयुर्वेदातील अपानवायूशी या वायूचा संबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा. दोन्ही ठिकाणी ‘वायू’ हा शब्द येतो, यापलीकडे त्यांत साम्य नाही.

शस्त्रक्रियेनंतर आतडे का थांबते

पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या खाटेशी दररोज सकाळी एकच प्रश्न विचारला जातो : वारा सरला का? धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असो, जळगावचे २०१८ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो किंवा तालुक्याच्या गावचे छोटे खासगी रुग्णालय असो, शल्यचिकित्सक पोटावर स्टेथोस्कोप ठेवून आतड्याचा आवाज ऐकतात आणि नातेवाईक ‘पाणी कधी पाजायचे’ म्हणून वाट पाहत असतात. आतड्याची हालचाल सुरू झाल्याशिवाय रुग्णाला खाऊ घालता येत नाही आणि सलाइनवर असलेल्या रुग्णाला घरी पाठविता येत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दोन माणसे रुग्णाजवळ थांबलेली असतात, त्यांच्यासाठी हा प्रत्येक दिवस मोलाचा असतो.

शस्त्रक्रियेनंतरच्या या स्थितीला वैद्यकात पोस्टऑपरेटिव्ह इलियस म्हणतात. मराठीत त्यास शस्त्रक्रियोत्तर आंत्रघात म्हणता येईल. आतड्यात कोठेही अडथळा नसताना त्याची पुढे ढकलण्याची गती थांबते. पोट फुगते, मळमळते, उलट्या होतात. सामान्यतः लहान आतडे काही तासांपासून एक दिवसात, जठर एक ते दोन दिवसांत आणि मोठे आतडे दोन ते तीन किंवा त्याहून अधिक दिवसांत पूर्ववत होते. या मर्यादेपलीकडे लांबलेला आंत्रघात हा खऱ्या चिंतेचा विषय ठरतो.

त्याच्या कारणांचा शोध जुना आहे. बेलिस आणि स्टार्लिंग या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून आतड्याच्या हालचालींवर मज्जातंतूंचे नियंत्रण कसे असते, हे दाखविले. १९०६ मध्ये अमेरिकेतील कॅनन आणि मर्फी यांनी शस्त्रक्रियेतील हाताळणीचा जठर व आतड्याच्या गतीवर होणारा परिणाम अभ्यासला. पुढील बराच काळ आंत्रघात ही केवळ मज्जातंतूंची प्रतिक्षिप्त क्रिया आहे, असेच मानले गेले. हे स्पष्टीकरण अपुरे होते. प्रतिक्षिप्त क्रिया शस्त्रक्रिया संपल्यावर काही वेळात ओसरावयास हवी. प्रत्यक्षात आतडे दिवसेंदिवस थांबून राहते, ते का?

या प्रश्नाचे उत्तर पिट्सबर्ग विद्यापीठातील अँथनी बाउअर, यॉर्ग काल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मिळाले. आतड्याच्या भित्तिकेत स्नायूंचे दोन थर असतात. त्यांच्यामध्ये मज्जातंतूंचे जाळे आणि स्नायूंना लय देणाऱ्या काखाल पेशी असतात. त्याच थरांत महाभक्षी पेशींचीही दाट पसरण असते. शल्यचिकित्सकाने आतडे हातात घेतले, बाजूला सारले, पुन्हा पोटात ठेवले, एवढ्या सौम्य हाताळणीनेही या महाभक्षी पेशी चेतविल्या जातात. त्यांच्यातून स्रवणारी द्रव्ये रक्तातील पांढऱ्या पेशींना स्नायूंच्या थरात बोलावून घेतात. तेथे दाहामुळे नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये अवाजवी प्रमाणात तयार होतात आणि स्नायूंचे आकुंचन थांबते. याचा अर्थ आंत्रघाताचे दोन टप्पे आहेत. पहिला अल्पजीवी टप्पा मज्जातंतूंचा आणि नंतर काही तासांनी सुरू होऊन दीर्घकाळ टिकणारा दुसरा टप्पा दाहाचा. उदर उघडलेल्या माणसांच्या आतड्यातही असाच दाह होतो, हे काल्फ यांच्या गटाने २००३ मध्ये दाखविले. वेदनाशामक म्हणून दिले जाणारे मॉर्फिन व तत्सम औषधे आतड्याची गती आणखी मंद करतात, ती भर वेगळीच.

प्रयोगशाळेतील पुरावा

दीर्घ टप्प्याचे मूळ दाहात असेल, तर दाह आवरणारा वायू येथे उपयोगी पडावा, हा तर्क ओघानेच आला. २००३ मध्ये मूर, ऑटरबाइन, बाउअर आणि सहकाऱ्यांनी आतड्याची हाताळणी केलेल्या उंदरांना हवेच्या दहा लाख भागांत २५० भाग कार्बन मोनॉक्साइड असलेल्या हवेत ठेवले. या उंदरांच्या आतड्यातील दाह कमी राहिला आणि स्नायूंचे आकुंचन व अन्न पुढे सरकण्याचा वेग बराचसा टिकून राहिला. २००५ मध्ये याच गटाने शस्त्रक्रियेपूर्वी काही तासच वायू देऊन उंदीरवर्गीय प्राण्यांत आणि डुकरांतही लाभ दिसल्याचे नोंदविले. डुकराचे आतडे आकाराने व रचनेने माणसाच्या आतड्याच्या अधिक जवळ असल्याने हा निष्कर्ष महत्त्वाचा ठरतो.

येथे २५० या आकड्याचा अर्थ समजून घेणे इष्ट. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांच्या पाळीची कायदेशीर मर्यादा दहा लाखांत ५० भाग आहे. म्हणजे औषध म्हणून वापरलेली मात्रा या मर्यादेच्या पाचपट होती. दुसऱ्या बाजूने पाहिल्यास, फुप्फुसांची वायू शोषून घेण्याची क्षमता मोजण्याच्या नित्याच्या तपासणीत रुग्णाला सुमारे ०.३ टक्के, म्हणजे दहा लाखांत ३००० भाग कार्बन मोनॉक्साइड असलेली हवा एकदाच आत घेऊन सुमारे दहा सेकंद रोखून धरण्यास सांगतात. ही तपासणी सुरक्षित मानली जाते. हवेतील प्रमाण, श्वासोच्छ्वासाचा काळ आणि रक्तातील संचय या तिन्हींचा एकत्रित विचार केल्याशिवाय कोणताही आकडा विषारी किंवा निर्धोक म्हणता येत नाही.

२००६ मध्ये नाकाओ आणि सहकाऱ्यांनी एक वेगळीच युक्ती योजली. वॉर्डात ‘आर. एल.ची बाटली’ म्हणून परिचित असलेल्या रिंगर लॅक्टेट द्रावणात कार्बन मोनॉक्साइड विरघळवून ते शस्त्रक्रियेच्या वेळी उंदरांच्या उदरपोकळीत एकदाच सोडले. त्यानेही आंत्रघात सौम्य झाला. वायू फुप्फुसांवाटे सर्व शरीरभर न नेता जेथे हवा तेथेच पोहोचविण्याचा हा मार्ग तत्त्वतः अधिक सुरक्षित आणि साधनांच्या दृष्टीने अधिक साधा वाटतो. त्याचा पाठपुरावा श्वसनमार्गाच्या तुलनेत कमी झाला, हे काहीसे खेदजनक आहे.

या साऱ्या पुराव्यात एक विरोधाभास दडलेला आहे. आतड्याच्या मज्जाजाळ्यात आणि काखाल पेशींत हीम ऑक्सिजनेजचे दुसरे रूप असते आणि तेथे तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड स्नायूंना शिथिल करतो. मेयो क्लिनिकमधील फारुजिया, झुर्शेव्स्की आणि सहकाऱ्यांनी हे तपशीलवार मांडले आहे. मग स्नायू सैल करणारा वायू थांबलेले आतडे चालते कसे करतो? याचे उत्तर असे की, आतड्याची गती म्हणजे नुसते आकुंचन नव्हे. घासाच्या मागचा भाग आवळला जाणे आणि पुढचा भाग सैल होणे या दोन्ही क्रिया मिळून अन्न पुढे सरकते. शिथिलीकरण हा गतीचा अर्धा भाग आहे. शिवाय आंत्रघातात स्नायूंना लुळे करणारे मुख्य कारण दाहजन्य नायट्रिक ऑक्साइडचा अतिरेक हे असते. कार्बन मोनॉक्साइड दाहाच्या मुळाशीच आळा घालून तो अतिरेक कमी करतो. त्याचा स्वतःचा शिथिल करणारा परिणाम त्यापुढे गौण ठरतो.

माणसांवरील अनुभव

उंदरांतील यश माणसांत जसेच्या तसे उतरले नाही, हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. २००५ मध्ये ऑस्ट्रियातील मायर आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांमध्ये जंतूंच्या अंतर्विषाने कृत्रिम दाह निर्माण करून त्यांना दहा लाखांत ५०० भाग कार्बन मोनॉक्साइड एक तास दिला. रक्तातील कार्बोक्सिहिमोग्लोबिन अपेक्षेप्रमाणे वाढले, परंतु दाहद्रव्यांत घट झाली नाही. फुप्फुसे ताठर होत जाण्याच्या विकारावरील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत वायू देणे रुग्णांना झेपले, पण मुख्य निकषावर लाभ दिसला नाही. त्याच वर्षी तीव्र श्वसनविफलतेच्या रुग्णांवरील प्राथमिक चाचणीत अल्प मात्रा काटेकोर देखरेखीखाली सुरक्षितपणे देता येते, एवढे सिद्ध झाले. आंत्रघातासाठी हा वायू आज कोणत्याही रुग्णालयात मान्यताप्राप्त उपचार म्हणून दिला जात नाही. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांपुढे हा विषय मांडताना ‘कार्बन मोनॉक्साइड आता औषध झाले’ असे विधान करणे म्हणूनच अनुचित आणि धोक्याचेही ठरेल.

वायू मोजून देणे अवघड असल्याने तो सावकाश सोडणारी संयुगे तयार करण्याचे प्रयत्न २००२ च्या सुमारास रॉबर्टो मोटरलिनी यांनी लंडनमध्ये सुरू केले. बेल्जियममधील गेंट विद्यापीठातील द बाकर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशा पाण्यात विरघळणाऱ्या संयुगांनी उंदरांतील आंत्रघात कमी होतो, असे दाखविले. यांपैकी बहुचर्चित संयुगांत रुथेनियम हा जड धातू आहे. दिसलेला काही परिणाम वायूचा नसून धातूचाच असावा, अशी शंका नंतरच्या अभ्यासांनी उपस्थित केली. रसायनशास्त्राच्या अभ्यासकांना हा वाद मुळातून वाचण्यासारखा आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतील बर्न, ऑटरबाइन, ट्रॅव्हर्सो आणि सहकाऱ्यांनी खाद्यपदार्थांत चालणाऱ्या घटकांचा फेस करून त्यात कार्बन मोनॉक्साइड कोंडला आणि तो तोंडावाटे किंवा गुदमार्गे प्राण्यांना दिला. मोठ्या आतड्याच्या दाहात त्याचा लाभ झाला. फेसावाटे थेट आतड्यात औषध पोहोचविण्याची ही कल्पना आंत्रघाताच्या दृष्टीने विशेष आशादायक आहे.

तूर्त रुग्णाच्या हिताचे जे सिद्ध उपाय आहेत, ते दिसायला फार साधे आहेत. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या पद्धतीत रुग्णाला लवकर उठविणे, लवकर खाऊ घालणे, मॉर्फिनसारखी औषधे कमीत कमी वापरणे, सलाइनचा अतिरेक टाळणे आणि नाकातील नळी सर्रास न ठेवणे यांवर भर आहे. साखरविरहित च्युइंगम चघळण्यानेही थोडा लाभ होत असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले. चघळण्यामुळे आतड्याला अन्न येत असल्याचा भास होतो. ‘पोटाचे ऑपरेशन झाले, आता आठ दिवस हलायचे नाही’ ही गावोगावी ऐकू येणारी समजूत या साऱ्याच्या नेमकी उलट आहे.

खानदेशातील रुग्ण आणि मात्रेचा प्रश्न

उद्या हा उपचार मान्य झाला आणि धुळे-जळगावच्या रुग्णालयात पोहोचला, तर तो येथील रुग्णाला पिट्सबर्गच्या मात्रेत देता येईल काय? येथे विषयाला निराळे वळण लागते.

पहिला मुद्दा वेळेचा. प्राण्यांवरील बहुतेक प्रयोगांत वायू शस्त्रक्रियेपूर्वीच सुरू केलेला होता आणि आतडे निरोगी होते. जिल्ह्याच्या रुग्णालयात येणारा रुग्ण मात्र पुष्कळदा फुटलेले आंत्रपुच्छ, विषमज्वराने आतड्याला पडलेले छिद्र किंवा पीळ पडलेले आतडे घेऊन तातडीने येतो. दाह आधीच भडकलेला असतो आणि तयारीस तासही मिळत नाही. अशा रुग्णासाठी श्वासावाटे द्यावयाच्या वायूपेक्षा पोट शिवताना आत सोडावयाचे द्रावण अधिक सयुक्तिक ठरेल.

दुसरा मुद्दा मूळ पातळीचा. धूम्रपान न करणाऱ्या निरोगी व्यक्तीच्या रक्तात कार्बोक्सिहिमोग्लोबिन साधारणतः एक ते दोन टक्क्यांच्या आत असते. धूम्रपान करणाऱ्यांत ते पाच टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. बिडी ओढणारा शेतमजूर आणि पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्यांच्या चुलीसमोर वर्षानुवर्षे बसलेली गृहिणी यांच्या रक्तात या विषाचा काही भाग शस्त्रक्रियेपूर्वीच असतो. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे गॅसची जोडणी पुष्कळ घरांत पोहोचली, परंतु सिलिंडर असूनही भाकरी चुलीवरच, ही प्रथा अनेक ठिकाणी कायम आहे. गर्भवतीच्या बाबतीत तर हा वायू सर्वथा वर्ज्य मानावा लागेल, कारण गर्भाचे हिमोग्लोबिन तो अधिक घट्ट धरून ठेवते.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सातपुड्यातील सिकलसेलचा. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात भिल्ल, पावरा इत्यादी आदिवासी समाजांत हा आनुवंशिक विकार मोठ्या प्रमाणावर आढळतो. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातील आदिवासींमधील या विकाराच्या अभ्यासासाठी आणि उपचारासाठी कित्येक दशके काम केले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला. २०२३ मध्ये केंद्र शासनाने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू केली आहे.

या विकारात तांबड्या पेशी अकाली फुटतात. पेशी फुटल्या की हीम मोकळे होते, हीम ऑक्सिजनेज वाढते आणि शरीरातील कार्बन मोनॉक्साइडची निर्मितीही वाढते. त्याच विघटनातून वाढलेल्या बिलिरुबिनमुळे डोळे पिवळे होतात आणि तरुण वयातच पित्ताशयात खडे बनतात. ज्या प्रक्रियेने रुग्णाला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत आणले, तीच प्रक्रिया त्याच्या रक्तात हा वायू आधीच वाढवून ठेवते, असा हा विलक्षण योग आहे.

गंमत अशी की, सिकलसेलवर हाच वायू औषध म्हणून सुचविला गेला, तो आंत्रघाताच्या कितीतरी आधी. सिकलसेलमधील सदोष हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावरच एकमेकांस चिकटते आणि पेशीला कोयत्यासारखा आकार येतो. कार्बन मोनॉक्साइडने बांधलेले हिमोग्लोबिन तसे चिकटत नाही. या आधारावर १९६३ मध्ये सर्स यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून तशी सूचना केली, आणि १९७५ मध्ये अमेरिकेतील अर्नेस्ट ब्यूटलर यांनी या वायूने सिकलसेल रुग्णांच्या तांबड्या पेशींच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे वायू बांधलेली हिमोग्लोबिन-संयुगे आणि तोंडावाटे घ्यावयाची द्रावणे यांचेही प्रयत्न झाले आहेत. परंतु जो रुग्ण मुळातच रक्तक्षयाने ग्रासलेला आहे, त्याच्या उरलेल्या हिमोग्लोबिनचा काही भाग आणखी अडवून ठेवणे कितपत हितावह, हा प्रश्न साठ वर्षांनंतरही सुटलेला नाही.

रक्तात हा वायू किती वेगाने साचेल, याचे गणित कोबर्न, फॉर्स्टर आणि केन यांनी १९६५ मध्ये एका समीकरणात बांधले आणि आजच्या चाचण्यांतही मात्रा ठरविताना त्याचा आधार घेतात. त्या समीकरणात श्वासोच्छ्वासाच्या वेगासोबत रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रमाण आणि शरीरातील स्वतःची वायुनिर्मिती ही दोन पदे आहेत. हिमोग्लोबिन कमी असेल तर तोच वायू टक्केवारीत लवकर वर चढतो. स्वतःची निर्मिती अधिक असेल तर आरंभच वरून होतो. सातपुड्यातील सिकलसेल रुग्णात ही दोन्ही पदे एकाच वेळी प्रतिकूल दिशेने झुकतात. पाश्चात्त्य स्वयंसेवकांवरून बेतलेली मात्रा येथे उतरविताना अडचण येते ती या ठिकाणी.

त्यात मोजमापाची अडचण वेगळीच. वॉर्डात बोटाला लावतात तो पल्स ऑक्सिमीटर प्रकाशाच्या केवळ दोन तरंगलांबींवर काम करतो. कार्बोक्सिहिमोग्लोबिन आणि प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन यांत त्याला फरक करता येत नाही. वायूने गुदमरलेल्या रुग्णाच्या बोटावरही तो ९८ टक्के दाखवू शकतो. शेगडीच्या धुराने बेशुद्ध पडलेला रुग्ण हिवाळ्यात दाखल होतो, तेव्हाही हीच फसगत होण्याचा संभव असतो. अचूक मोजमापासाठी अधिक तरंगलांबी वापरणारा को-ऑक्सिमीटर लागतो. रक्तवायू तपासणीच्या अनेक यंत्रांत ही सोय अंतर्भूत असते.

यास्तव खानदेशात या विषयावर काही काम व्हावयाचे असेल तर त्याचा प्रारंभ वायूच्या टाकीपासून होण्याचे कारण नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या रुग्णांची परवानगी घेऊन त्यांच्या रक्तातील कार्बोक्सिहिमोग्लोबिनची मूळ पातळी मोजणे, त्यासोबत चूल, बिडी, हिमोग्लोबिन आणि सिकलसेल यांची नोंद ठेवणे, आणि शस्त्रक्रियेनंतर वारा कोणत्या दिवशी सरला ती तारीख लिहून ठेवणे, एवढे काम वैद्यकीय महाविद्यालय आणि शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र व संख्याशास्त्र विभाग यांना एकत्र येऊन करता येण्याजोगे आहे. यात रुग्णाला कोणताही वायू द्यावा लागत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी नेहमीच्या तपासण्यांसाठी रक्त घेतले जातच असते.